डावीकडचं पाणी

"ताई! अहो ताई, तिकडे! डावीकडे बघा!"

हाक तलावाच्या पलीकडच्या काठावरून आली. उंच खुर्चीवर बसलेल्या शिट्टीताईंनी मान वळवली. खुर्चीच्या डाव्या हाताला, जिथं पाणी सर्वांत खोल होतं, त्या कोपऱ्यात एक निळी टोपी वर येत होती आणि परत खाली जात होती. हात नुसतेच पाण्याला थोपटल्यासारखे हलत होते. ओरडणं नाही, काही नाही. बुडणारा माणूस ओरडत नसतो, त्याला तेवढा श्वासच उरलेला नसतो, हे शिट्टीताई प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी बजावून सांगत.

खुर्चीच्या पायऱ्या उतरत बसायला त्या थांबल्याच नाहीत. वरूनच त्यांनी उडी घेतली, पाण्याखालून सरळ कोपरा गाठला आणि निळ्या टोपीच्या बाईंना पाठीमागून काखेत हात घालून वर उचललं. "मी आहे, मी आहे. अंग सैल सोडा. बाई, लढू नका माझ्याशी," असं कानाशी बोलत बोलत त्यांनी त्यांना काठाला आणलं. चार हातांनी बाईंना वर ओढून घेतलं. बाईंना जोराचा ठसका लागला, तोंडातून पाणी आलं, आणि मग त्यांनी मोठ्यानं श्वास घेतला. त्या आवाजानं सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं म्हणून रोज सकाळी बायकांच्या वेळेला येत. पोटरीत गोळा आला आणि पाय दगडासारखा झाला, एवढंच निमित्त.

"ताई होत्या म्हणून वाचल्या!" कुणीतरी म्हणालं. टाळ्या वाजल्या. तलावाचे व्यवस्थापक ऑफिसातून धावत आले आणि शिट्टीताईंचा ओला हात दोन्ही हातांत धरून हलवत राहिले. "काय ती उडी! या वयात! ताई, मानलं बुवा तुम्हाला."

शिट्टीताई हसल्या. अंगाभोवती टॉवेल गुंडाळून त्या बाकावर बसल्या. पण त्यांचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतं. त्या त्यांच्याच खुर्चीकडे बघत होत्या. खुर्ची इथं, तो कोपरा तिथं. तलावात त्यांच्या सर्वांत जवळ कुणी असेल तर त्या बाईच होत्या. आणि हाक मारली ती पलीकडच्या काठावर केस पुसत उभ्या असलेल्या बाईनं. शिट्टीताई डुलक्या घेत नव्हत्या, कुणाशी बोलत नव्हत्या. डोळे सताड उघडे ठेवून त्या पाण्याकडेच बघत होत्या.

मग दिसलं कसं नाही?

त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. गळ्यात कायम शिट्टी आणि ती फुंकायची पद्धत अशी, की धावणारं पोर जागच्या जागी पुतळा व्हावं, म्हणून शिट्टीताई. विशीत नोकरीला लागल्या आणि पाण्यातच केस पिकले. निम्म्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं होतं. रस्त्यानं जाताना मोठमोठे बाप्ये त्यांना बघून पोट आत घेत, कारण लहानपणी "पोट आत!" म्हणून ओरडा खाल्लेला असे. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणत, "सगळं गाव भिजवून झालं, त्यातच दमले." थोरल्या भावाकडे राहत. दादाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, मागं घर. वहिनी आणि त्या नणंद-भावजया कमी आणि मैत्रिणी जास्त.

त्या संध्याकाळी वहिनींनी चहाचा कप त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. शिट्टीताईंनी वर्तमानपत्र घ्यायला हात केला आणि कप खाली.

"वन्सं, आज आणखी एक गेला," वहिनी फडकं घेऊन आल्या. "आता तुम्हाला स्टीलचाच पेला. सेटमधले कप सगळे तुमच्या नावावर जमा झाले."

एरवी शिट्टीताई हसल्या असत्या. त्यांनी आपल्या डाव्या दंडाकडे पाहिलं. तिथं नेहमी एखादा काळानिळा डाग असे. दरवाजा अरुंद आहे, कपाट पुढं आलंय, गर्दीत लोक अंगावर येतात, अशी त्यांच्यापाशी प्रत्येक डागाची कारणं तयार होती. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, की दरवाजे तर वर्षानुवर्षं तेवढेच आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलाव बंद झाल्यावर त्या पुन्हा खुर्चीवर चढल्या. खाली सफाईवाल्या मावशी बादली घेऊन फरशी धूत होत्या.

"मावशी, एक काम करा. त्या डाव्या टोकाला जा आणि तिथून काठाकाठानं माझ्याकडे चालत या. मी समोर त्या शिडीकडे बघत राहणार. तुम्ही दिसलात की मी हो म्हणेन."

"हा काय खेळ म्हणायचा?"

"चाला हो तुम्ही. आणि तोंडानं आवाज नको, बादलीही ठेवा खाली."

मावशी गेल्या. शिट्टीताईंनी नजर समोरच्या शिडीवर रोखली. शिडीची कांब न् कांब स्वच्छ दिसत होती, तिच्यावर आलेला गंजसुद्धा. पाणी निळंशार, शांत. कुठंही काळोख नाही, धूसर नाही, भोक नाही. त्या वाट बघत राहिल्या.

"निघालात का मावशी?"

"अगं बाई!" आवाज अगदी कानाजवळून आला. "निघालात का काय विचारतेस? केव्हाची तुझ्या खुर्चीला हात लावून उभी आहे मी!"

शिट्टीताईंनी मान वळवली आणि मावशी एकदम उगवल्यासारख्या समोर आल्या. जणू कुणी पडदा ओढला. त्यांनी मावशींना परत पाठवलं, मग उजव्या बाजूनं यायला सांगितलं. उजवीकडून आलेल्या मावशी दिसल्या, पण त्यासुद्धा जरा उशिराच.

"काय झालं गं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. डोळे दाखवून येते."

"तुझे डोळे? लांबच्या बसची पाटी तू मला वाचून दाखवतेस!"

तेच तर. शिट्टीताईंना आयुष्यात चष्मा लागला नव्हता. चाळिशीत जवळचं जरा कमी दिसायला लागलं तेव्हा चष्म्याच्या दुकानातून एक वाचायचा चष्मा घेतला आणि विषय संपवला. डॉक्टरांकडे जावं असं कधी मनातही आलं नाही. दुखत नाही, खुपत नाही, तर दाखवायचं काय?

नेत्रतज्ज्ञ बाई त्यांच्याहून बऱ्याच लहान होत्या. त्यांनी आधी भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. शिट्टीताईंनी शेवटची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचून टाकली. क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला आणि एक वाटीसारख्या आकाराचं मोठं पांढरं यंत्र पुढं ओढलं.

"हनुवटी इथं टेकवा. मध्ये दिवा आहे, त्याच्याकडेच बघत राहायचं. आजूबाजूला बारीक ठिपके चमकतील. ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं."

एक डोळा झाकला, मग दुसरा. शिट्टीताई बटण हातात धरून बसल्या. मधूनच ठिपका चमके, त्या बटण दाबत. मग बराच वेळ काहीच चमकत नसे. त्यांना वाटलं, यंत्र थांबलं असेल. पण आतून त्याचा बारीक टकटक आवाज चालूच होता. ठिपके चमकत होते. ते त्यांच्यासाठी नव्हते, एवढंच.

त्यानंतर बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, आत दिवा टाकून डोळ्यांचा मागचा भाग तपासला, आणि मग डॉक्टर खुर्ची जवळ ओढून बसल्या.

"ताई, हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढून मागची नस हळूहळू सुकत जाते. आधी कडेचं दिसणं जातं, मधलं शेवटपर्यंत चांगलं राहतं. म्हणून तक्ता वाचता येतो आणि माणूस गाफील राहतो. डावा डोळा बराच गेलाय, उजव्यातही सुरुवात झालीय."

"पण मला तिथं काळं दिसत नाही हो. सगळं भरलेलंच दिसतं."

"तेच याचं कसब. जे दिसत नाही ते मेंदू आसपासच्या रंगानं भरून काढतो. तुम्हाला पाणी दिसत असेल, तर तिथंही पाणीच दिसणार."

डावीकडचं पाणी. किती दिवस शिट्टीताई नसलेल्या पाण्याची राखण करत होत्या?

"गेलेलं परत येतं?"

डॉक्टरांनी नजर चुकवली नाही. "नाही. पण जे आहे ते राखता येतं. रोज थेंब घालायचे, न चुकता, कायमचे. आणि ठरलेल्या वेळेला तपासणी. याआधी कधी तपासले होते डोळे?"

"कधीच नाही. दिसत होतं ना सगळं."

"बहुतेक जण हेच सांगतात. चाळिशीनंतर डोळे काही होत नसतानाच तपासायचे असतात, ताई. होऊ लागल्यावर आम्ही उरलेलं सांभाळू शकतो फक्त." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होतं? आई, वडील?"

"छे. अण्णांची दृष्टी गेली होती, पण ती वयानं..." आणि शिट्टीताईंचं वाक्य तिथंच अडखळलं.

अण्णा शेवटी शेवटी भिंतीला हात लावून चालत. ताटातली डावीकडची कोशिंबीर तशीच राही, आणि आई म्हणे, यांना कोशिंबीर आवडेनाशी झाली. वय झालं, डोळे गेले, असं सगळ्यांनी सहज म्हणून सोडून दिलं होतं. कुणी एकदाही डॉक्टरांकडे नेलं नाही. न्यायचं असतं, हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

"भाऊबहीण आहेत का?" डॉक्टर विचारत होत्या. "त्यांना लवकर घेऊन या. हे घराण्यात उतरतं."

बाहेर पडल्या तेव्हा बाहुल्या मोठ्या झालेल्या, ऊन डोळ्यांत घुसत होतं. रस्त्याच्या कडेला एका झाडाच्या सावलीत शिट्टीताई बराच वेळ उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. अवघ्या जन्मात त्यांना डोळ्यांतलं पाणी आणि तलावातलं पाणी वेगळं काढता आलं नव्हतं. रडायचं असलं की त्या पोहत. आज पोहायला जवळ तलाव नव्हता, म्हणून नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मग चालू लागल्या.

सकाळी त्या थेट व्यवस्थापकांच्या टेबलापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आजपासून मी खुर्चीवर बसणार नाही. दुसरी माणसं बघा."

व्यवस्थापकांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस चांगला होता, त्यांना खरंच वाईट वाटलं. "ताई, औषध सुरू केलंत ना? मग झालं तर. निवृत्तीला असे कितीसे दिवस राहिलेत? आणि परवाच तुम्ही जीव वाचवलात एकीचा. लोक तुमचं नाव घेतायत. हे चार लोकांत बोलायची काय गरज आहे?"

"जीव त्या हाक मारणाऱ्या बाईनं वाचवला. मी नुसती उडी मारली."

"असं कसं?"

"असंच. दिसत नाही एवढंच असतं ना साहेब, तर मी मान वळवून वळवून निभावून नेलं असतं. पण दिसत नाही हे कळतच नाही, खरी गोम तिथं आहे. मी खुर्चीवर बसले की सगळे निर्धास्त होतात. आया पोरांना सोडून गप्पा मारत बसतात. शिट्टीताई आहेत म्हणतात. आणि त्या खुर्चीवर मी अर्धीच असते."

टेबलावरचा पेपरवेट व्यवस्थापकांनी उगाचच फिरवला. "मग तुम्ही काय करणार?"

"शिकवीन. उथळ बाजूला, पाण्यात उभी राहून. एका वेळी एक माणूस. हाताच्या अंतरावर असलेलं मला स्पष्ट दिसतं. वर खुर्चीवर मात्र धडधाकट डोळ्यांचं माणूस हवं, आणि त्याचे डोळे आधी नीट तपासून घ्या. नुसता तक्ता वाचून नव्हे. तक्ता मीपण वाचते."

गणिताच्या बाई आठवडाभरानं परत तलावावर आल्या, फळांची पिशवी घेऊन. "जीवदान दिलंस गं मला," म्हणत त्यांनी शिट्टीताईंना मिठी मारली. शिट्टीताईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि काय झालं ते सगळं, काही न वगळता सांगितलं.

बाई ऐकत राहिल्या. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तुझ्या नाकासमोर बुडत होते आणि तुला पत्ता नव्हता?"

"नाकासमोर असतात तर दिसला असतात, बाई. कानासमोर होतात."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आणि मग त्यांना हसू फुटलं, असं की डोळ्यांत पाणी आलं. शिट्टीताईही हसल्या. दोघी बराच वेळ हसत होत्या आणि काठावरच्या बायका कोड्यात पडल्यासारख्या बघत होत्या.

"दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "ही फळं मी आता परत नेणार नाही. उलट जास्त आणीन." मग जरा थांबून त्यांनी आपला चष्मा काढून हातात घेतला. "मी तरी काय शहाणी? दुकानात जाते, नंबर बदलते, नवी काच घालते. साखरेच्या गोळ्या चालू आहेत इतकी वर्षं, पण डोळ्याच्या आत काय चाललंय ते कधी कुणाला दाखवलं नाही. त्या तुझ्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दे बघू."

बाई डॉक्टरांकडे गेल्या आणि बरं झालं गेल्या. साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके धरायला सुरुवात झाली होती. वेळेत कळलं म्हणून उपचार झाले. त्यानंतर बाईंनी जे काम हाती घेतलं ते वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावावेत अशा चिकाटीनं घेतलं. कपडे बदलायच्या खोलीत त्या एकेकीला गाठत. "डोळे कधी तपासलेस? नंबर नव्हे, डोळे!"

खरी लढाई मात्र घरातच होती.

"मी?" दादा भिंग डोळ्याला लावून घड्याळाच्या पोटात बघत होता. त्यानं मानही वर केली नाही. "केसाएवढा स्क्रू मी चिमट्यात धरून बसवतो. माझे डोळे तपासणार? आधी त्या डॉक्टरला म्हणावं, माझ्यासमोर सुईत दोरा ओवून दाखव."

"दादा, स्क्रू मधे असतो. मधलं मलाही दिसतं."

"हे बघ, मला काही झालेलं नाही. दुकान बंद ठेवून डोळ्यांत थेंब घालून बसायला मला वेळ नाही."

वहिनींनी सांगून पाहिलं, रुसून पाहिलं. दादा ढिम्म. शेवटी एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना शिट्टीताई त्याच्या टेबलाजवळ स्टूल ओढून बसल्या.

"दादा, अण्णा पेला सांडायचे, आठवतं?"

दादाचा चिमटा थांबला.

"आठवतं की. रोजचं होतं ते."

"तू काय म्हणायचास?"

दादानं भिंग काढून ठेवलं. त्याचा गोल वळ डोळ्याभोवती उमटला होता.

"धांदरट म्हणायचो," तो म्हणाला. "म्हणायचो, अण्णा, लक्ष कुठं असतं तुमचं? आणि ते म्हणायचे, चुकलं बाबा."

"त्यांचं चुकलेलं नव्हतं रे."

"हं."

"आपल्याला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. पण आता मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. आता आपण माहीत नसल्यासारखं करायचं का?"

उघडं घड्याळ दादानं काचेच्या झाकणाखाली ठेवलं, हात पुसले, आणि आतल्या दिशेनं हाक मारली. "अगं, माझा धुतलेला शर्ट काढ. बाहेर जायचंय."

दादालाही काचबिंदू निघाला. पण अगदी सुरुवातीला, नसेला नखभर धक्का लागलेला. डॉक्टर म्हणाल्या, थेंब नेमानं घातले आणि तपासण्या चुकवल्या नाहीत, तर घड्याळांचं टेबल तुमचं म्हातारपणीही सुटायचं नाही. दादा घरी आला तो नेहमीसारखाच कुरकुरत, थेंब झोंबतात म्हणून. पण जेवताना त्यानं आपल्या पानातला गोडाचा तुकडा उचलून बहिणीच्या पानात ठेवला, उजव्या बाजूला, तिला दिसेल असा.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला वहिनी दोघा भावंडांना शेजारी शेजारी खुर्च्यांत बसवतात आणि माना मागं टाकायला लावून थेंब घालतात. "दोन पिल्लं चोच उघडून बसल्यासारखी दिसता," असं म्हणतात, आणि दादा म्हणतो, "पिल्लं चोच उघडतात, डोळे नव्हे. नीट घाल."

तलावावर आता उंच खुर्चीवर दुसऱ्या बाई बसतात. तरण्या, तल्लख, मान सतत फिरती ठेवणाऱ्या. शिट्टीताई उथळ बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असतात. त्यांच्याकडे येतात ती पाण्याला घाबरणारी मोठी माणसं. कुणी लहानपणी बुडता बुडता वाचलेलं, कुणी पन्नाशीत पहिल्यांदाच पाण्यात पाय टाकणारं. शिट्टीताई एकेकाच्या पाठीखाली तळवा धरतात आणि म्हणतात, "मी आहे. अंग सैल सोडा." लोक सोडतात.

एका सकाळी व्यवस्थापक काठावर येऊन उभे राहिले. नव्या तुकडीतली पाच-सहा माणसं कठड्याला धरून पाण्यात रांगेनं उभी होती आणि शिट्टीताई त्यांना पहिल्यांदा कठडा सोडायला शिकवत होत्या. सुरुवात करण्याआधी त्यांनी सवयीनं मान पूर्ण डावीकडे वळवली, खांद्यापलीकडे नीट पाहून घेतलं, मग सावकाश उजवीकडे. डाव्या बाजूला कुणी उभं नाही ना, एवढं बघण्यासाठी. आता त्या कुठलीही हालचाल तसं पाहिल्याशिवाय करत नसत.

रांगेतल्या पहिल्या माणसानं कठडा सोडला. त्याआधी त्यानं मान पूर्ण डावीकडे वळवली, खांद्यापलीकडे पाहिलं, मग उजवीकडे. दुसऱ्या बाईंनीही तसंच केलं. मग तिसऱ्यानं. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण पोहण्याची सुरुवात अशीच करायची असते, अशी सगळ्यांचीच समजूत झाली होती.

काठावरच्या व्यवस्थापकांना हसू आलं.

शिट्टीताईंनी रांगेतल्या कुणालाच दुरुस्त केलं नाही. "छान," त्या म्हणाल्या. "आधी दोन्हीकडे बघून घ्यायचं. आता सोडा."